एका टनाचा एकच धनी : देशाचे हवामान धोरण खाती, प्रांत आणि उद्योगांत कसे बसवावे

हरितगृह वायूंचे उत्सर्जन घटवण्याचे राष्ट्रीय उद्दिष्ट जाहीर करायला एक भाषण पुरते. खरे काम त्यानंतरचे. त्या आकड्यातला प्रत्येक टन कोणत्या खात्याच्या, कोणत्या प्रांताच्या आणि कोणत्या उद्योगाच्या नावे पडतो आणि तो कमी करण्याचा अधिकार नेमका कोणाकडे आहे, हे कागदावर आणावे लागते. एकच टन दोघांच्या नावे पडला, तर दोघेही त्याचे श्रेय घेतात. कोणाच्याच नावे पडला नाही, तर त्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. समन्वय समित्यांच्या बैठका, आराखडे, सादरीकरणे हे सगळे नंतर. आधी ही नावे लावा.

पुढची पद्धत नियोजन विभागात, ऊर्जा, उद्योग वा अर्थ खात्यात किंवा प्रांतिक सरकारात मसुदे करणाऱ्यांसाठी आहे. केंद्राखालच्या कोणत्याही सरकारला इथे ‘प्रांत’ म्हटले आहे.

आधी खातेवही, मग उद्दिष्ट

उत्सर्जनाची राष्ट्रीय यादी आयपीसीसीच्या (हवामान बदलावरील आंतरसरकारी समितीच्या) २००६ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे चार भागांत होते: ऊर्जा, औद्योगिक प्रक्रिया व उत्पादनांचा वापर, शेती, वने व जमीनवापर, आणि कचरा. इंधनाचे गणित अवघड नाही. इंधन किती जाळले, त्यात उष्णता किती होती आणि तेवढ्या उष्णतेमागे कार्बन डायऑक्साइड किती, यांचा गुणाकार. ढोबळ गुणांक असे: बिटुमिनस कोळसा ९४.६ किलो प्रति गिगाज्यूल, डिझेल ७४.१, नैसर्गिक वायू ५६.१. कार्बन डायऑक्साइडच्या मापात आणण्यासाठी मिथेनचे टन शंभर वर्षांच्या हिशेबाने २८ ने आणि नायट्रस ऑक्साइडचे २६५ ने गुणतात. हे आकडे आयपीसीसीच्या पाचव्या मूल्यांकन अहवालातले असून पॅरिस कराराखालच्या अहवालांना तेच लागू आहेत. एखाद्या प्रांताने मिथेनसाठी जुना २१ किंवा २५ धरला असेल, तर बेरीज करण्याआधी तो बदलून घ्या. नाहीतर दोन प्रांतांचे आकडे एकाच तक्त्यात असूनही वेगळ्या मापाचे राहतात.

सर्वांत जास्त घोळ कोळशात होतो. वीज केंद्रे बऱ्याचदा स्थूल उष्मांकावर (धुरातल्या वाफेची उष्णताही धरून) हिशेब ठेवतात, तर आयपीसीसीचे गुणांक निव्वळ उष्मांकावर (ती वगळून) बेतलेले आहेत. कोळशात हा फरक साधारण ५ टक्के, नैसर्गिक वायूत १० टक्क्यांच्या आसपास. वर्षाला दोन-चार टक्के घट साधण्याचा बेत असेल, तर एक-दोन वर्षांची सगळी घट या एका चुकीत बुडून जाते. म्हणून उष्मांक कोणत्या पद्धतीचा, हा रकाना प्रत्येक अर्जात सक्तीचा ठेवा. शिवाय हिशेब दोन्ही टोकांकडून करा: एकदा देशाचे उत्पादन, आयात, निर्यात आणि साठ्यातला फरक यांवरून, दुसऱ्यांदा प्रत्येक वापरकर्त्याच्या आकड्यांवरून. दोन्हींत ५ टक्क्यांहून जास्त तफावत आली, तर थांबा आणि कारण शोधा. बहुधा साठ्यातला फरक सुटलेला असतो किंवा विटभट्ट्यांसारखे विखुरलेले छोटे वापरकर्ते मोजलेलेच नसतात.

आंतरराष्ट्रीय विमाने व जहाजांचे इंधन राष्ट्रीय बेरजेत धरत नाहीत, ते वेगळ्या ओळीत दाखवतात. जंगलांनी शोषलेला कार्बनही वेगळ्याच पानावर ठेवा. तो कारखान्यांच्या उत्सर्जनातून वजा करायची सवय लागली, की एका वणव्याच्या वर्षात सगळा ताळेबंद उलटतो.

एवढे करूनही ही यादी धोरणाला पुरत नाही, कारण ती स्रोताप्रमाणे लावलेली असते, अधिकाराप्रमाणे नाही. तिच्या प्रत्येक ओळीला आणखी चार रकाने जोडा: धनी खाते, अधिकाराचा स्तर (केंद्र, प्रांत, नगरपालिका), लागणारे सहकारी आदेश, आणि आकडा किती महिन्यांनी हाती येतो. मालवाहू ट्रकांच्या डिझेलची ओळ घ्या. विक्रीचा आकडा पेट्रोलियम खात्याकडे असतो. इंजिनांची मानके परिवहन खाते ठरवते, इंधनावरचा कर अर्थ खाते, वाहनकर व परवाने प्रांत, आणि माल रेल्वेने जावा यासाठीची गुंतवणूक रेल्वेकडे. पाच जण या ओळीवर बोलतात आणि जबाबदारी विचारली, की पाचही जण एकमेकांकडे बोट दाखवतात. इथे नियम साधा ठेवा: ज्याच्या निर्णयाने त्या ओळीतले सर्वाधिक टन हलतात, तो धनी. बाकीचे सहकारी, आणि त्यांच्या नावापुढे ‘सहकार्य करावे’ असे मोघम वाक्य नको. कोणता आदेश, कोणत्या तारखेपर्यंत, हे लिहा. धन्याकडे कायद्याने अधिकारच नसेल, तर तो आधी द्या किंवा धनी बदला.

बजेट वर्षाचे नव्हे, मुदतीचे

‘अमुक वर्षापर्यंत इतके टक्के घट’ या उद्दिष्टात मधली वर्षे मोकळी सुटतात. समजा, आज देशाचे उत्सर्जन वर्षाला ५० कोटी टन आहे आणि दहाव्या वर्षी ते ३० कोटींवर आणायचे आहे. पहिल्या वर्षापासून दरसाल २ कोटी कमी केले, तर दहा वर्षांची बेरीज ३९० कोटी टन होते. पहिली पाच वर्षे नुसते अभ्यासगट नेमले आणि पुढच्या पाच वर्षांत दरसाल ४ कोटी कापले, तर शेवटचा आकडा तोच ३० कोटी, पण बेरीज ४४० कोटी. आजच्या हिशेबाने एक अख्खे वर्ष जास्तीचे. वातावरणाला ही बेरीज कळते, शेवटच्या वर्षाचा टक्का नाही.

म्हणून कायद्यात मुदतीची एकूण मर्यादा घाला. ब्रिटनच्या २००८ च्या हवामान बदल कायद्यात पाच-पाच वर्षांची कार्बन बजेटे आहेत आणि प्रत्येक बजेट ते सुरू होण्याच्या सुमारे १२ वर्षे आधी ठरवावे लागते. पाच वर्षे हा कालावधी सोयीचा आहे. एखादा कडक हिवाळा किंवा कोरडा पावसाळा त्यात सामावतो, आणि तरी एका सरकारला पुढच्यावर सगळे ढकलता येत नाही. मागच्या मुदतीतली शिल्लक पुढे नेऊ द्यायची की नाही, हे आधीच लिहून ठेवा. मंदीमुळे आपोआप पडलेली घट ‘शिल्लक’ म्हणून पुढे नेली, तर पुढची मुदत सैल होते. जर्मनीने २०२० चे १९९० च्या तुलनेत ४० टक्के घटीचे लक्ष्य गाठले, त्यात महासाथीच्या वर्षाचा हात होता. पाठोपाठच्या वर्षी उत्सर्जन पुन्हा वाढले.

पायाभूत वर्षाचे आकडे पुढे सुधारले जातात, हेही गृहीत धरा. मोजणीची पद्धत बदलली, तर जुनी सगळी वर्षे नव्या पद्धतीने पुन्हा मोजायची आणि बजेट त्याच प्रमाणात हलवायचे, असे कलम हवे. ते नसेल, तर कोणीतरी मोजणी सुधारूनच उद्दिष्ट गाठून दाखवेल.

उद्योगांत वाटणी: सिमेंट जवळून

सगळ्यांना सारखी टक्केवारी लावणे दिसायला न्याय्य आणि प्रत्यक्षात सर्वांत महाग. वीज क्षेत्रात पर्याय आज तयार आहेत, तिथे आधी आणि खोल कापा. जड उद्योगांत यंत्रसामग्रीच्या आयुष्याकडे पाहून तारखा ठरवा. पोलादाच्या झोतभट्टीचे अस्तर साधारण १५ ते २० वर्षांनी बदलावे लागते. तो खर्च झाला, की पुढची तितकी वर्षे ती भट्टी कोणी बंद करत नाही. देशातल्या प्रत्येक झोतभट्टीची पुढच्या अस्तराची तारीख काढा. पोलाद धोरणाचे खरे वेळापत्रक तेच आहे.

सिमेंटकडे जरा बारकाईने पाहू, कारण समन्वय कुठे अडतो ते तिथे स्वच्छ दिसते. एक टन क्लिंकर (सिमेंटचा भट्टीत भाजलेला मुख्य घटक) बनवताना चुनखडी भाजली जाते, तेव्हा दगडातूनच सुमारे ०.५२ टन कार्बन डायऑक्साइड निघतो. भट्टीला टनामागे ३.२ ते ३.५ गिगाज्यूल उष्णता लागते; ती कोळशाची असेल तर आणखी ०.३ टनांहून थोडे जास्त. एकूण ०.८५ च्या घरात. भट्टीचे इंधन पुरते बदलले तरी पहिले ०.५२ हलत नाहीत. ते कमी करायचे, तर एकतर वायू पकडून जमिनीखाली साठवा, नाहीतर सिमेंटमध्ये क्लिंकरच कमी घाला. ९५ टक्के क्लिंकरच्या सिमेंटमागे ०.८ टन, ६५ टक्क्यांच्या सिमेंटमागे ०.५५. दळणाची वीज वेगळी.

आता हा बदल कोणाच्या हातात आहे? कारखान्याच्या हातात अर्धाच. मिश्र सिमेंट कोणत्या कामाला चालेल, हे मानक संस्था ठरवते. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या निविदेत साधे पोर्टलँड सिमेंटच मागितले असेल किंवा घनमीटरमागे किमान सिमेंट किती याची जुनी अट असेल, तर कारखान्याने माल बनवून तो विकायचा कोणाला? मिश्र सिमेंटला सुरुवातीची ताकद उशिरा येते. त्यामुळे साचे उशिरा उतरतात आणि कंत्राटदाराचे वेळापत्रक लांबते. निविदेतली अट २८ किंवा ५६ दिवसांच्या ताकदीवर आणि टिकाऊपणाच्या चाचणीवर नेली, तर अडचण बरीच सुटते. जिथे साचे लवकर काढणे भागच आहे, तिथे सूट द्या. म्हणजे ओळ उद्योग खात्याची, पण टन हलवणारे दोन आदेश मानक संस्थेचे आणि बांधकाम खात्याचे. हे दोन आदेश राष्ट्रीय आराखड्यात तारखेसह नसतील, तर सिमेंटचे उद्दिष्ट कागदावरच राहील.

पुढची मेख याहून लपलेली आहे. क्लिंकरऐवजी घालतात ती राख कोळशाच्या वीज केंद्रातून येते आणि स्लॅग (लोखंड गाळताना उरणारी मळी) झोतभट्टीतून. वीज खाते कोळसा केंद्रे बंद करायच्या बेतात आहे, पोलाद खाते झोतभट्ट्या. तिघांचे आराखडे वेगवेगळे वाचले, तर तिन्ही उत्तम. एकत्र ठेवले, की सिमेंटचा कच्चा माल गायब. म्हणून भाजलेली चिकणमाती आणि चुनखडी यांच्या मिश्रणाचे, निम्म्या क्लिंकरवर चालणारे सिमेंट मानकात वेळीच आणावे लागते. राखेचे ढीग आटल्यावर मानक बदलायला बसू नका.

हीच तपासणी प्रत्येक सामाईक साधनाची करा. एक तक्ता घ्या, उभ्या ओळीत क्षेत्रे, आडव्या ओळीत साधने: स्वच्छ वीज, जैवभार, हायड्रोजन, भूगर्भातली साठवण, पारेषण जोडणी, प्रशिक्षित वीजतंत्री. प्रत्येक क्षेत्राच्या आराखड्यातून मागणी उचलून तक्त्यात भरा आणि बेरीज पुरवठ्याशी ताडा. जैवभाराची बेरीज जवळपास हमखास उपलब्धतेच्या पुढे जाते, कारण तोच पालापाचोळा वीज केंद्र, विमानाचे इंधन आणि सिमेंटभट्टी अशा तिघांनी धरलेला असतो. विजेची बेरीजही डोळे उघडणारी असते. हायड्रोजनवर एक टन पोलाद करायला सुमारे साडेतीन हजार युनिट वीज लागते; वर्षाला एक कोटी टनांची क्षमता बदलायची, तर ३५ अब्ज युनिट. ही वीज कोळशाची असेल, तर झोतभट्टीपेक्षा उत्सर्जन वाढतेच. म्हणून पोलादाची तारीख ही पारेषण वाहिनीच्या तारखेनंतरच असू शकते. आणि वाहिनीला जमीन, मंजुऱ्या, बांधकाम धरून वर्षे जातात, हे उद्योग खात्याला आधीच सांगा.

प्रांतांमध्ये

एका प्रांतात वीज केंद्रे आहेत, दुसऱ्यात कारखाने आणि शहरे. पहिल्याचे उत्सर्जन वाढते, वीज दुसरा वापरतो. उत्पादनाच्या जागी मोजले, तर पहिल्यावर अन्याय. वापराच्या जागी मोजले, तर दुसरा प्रांत ‘आम्ही बाहेरची स्वच्छ वीज घेतली’ म्हणतो आणि पहिलाही त्याच पवनचक्क्यांचे श्रेय घेतो. दोन्ही पद्धती एकाच तक्त्यात मिसळू नका. व्यवहारात पुढची विभागणी टिकते. वीज केंद्रे आणि मोठे कारखाने यांची मर्यादा देशपातळीवर एकच, प्रांतांच्या कोट्याशिवाय. इमारती, रस्ते वाहतूक, शेती, कचरा ही क्षेत्रे प्रांतांच्या उद्दिष्टात. वीजवापरातली कार्यक्षमता प्रांताने साधली, तर तिची गणना टनांत न करता युनिटांत करा, म्हणजे दुहेरी मोजणी टळते.

युरोपीय संघाने अशीच फोड केली आहे. मोठ्या उद्योगांना आणि विजेला सामाईक परवाना बाजार (जिथे उत्सर्जनाचे मर्यादित परवाने विकत घेता-विकता येतात), आणि उरलेल्या क्षेत्रांसाठी देशनिहाय उद्दिष्टे. २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत बल्गेरियाला १० टक्के घट, तर जर्मनी, स्वीडन, डेन्मार्क यांना ५० टक्के. वाटणीचा मुख्य निकष दरडोई उत्पन्न. श्रीमंतांत मग किफायतशीरपणाप्रमाणे थोडे मागेपुढे करतात. उत्पन्न, लोकसंख्या आणि आजवरचे औद्योगिक ओझे असे तीन निकष पुरेत. दहा निकषांचे सूत्र केले, तर प्रत्येक प्रांत आपल्या सोयीच्या निकषाचे वजन वाढवण्यातच वर्ष घालवतो.

ज्या प्रांताला सहभागी व्हायचेच नाही, त्याचे काय? कॅनडाने २०१८ च्या कायद्यात किमान पातळी ठेवली: प्रांताने स्वतःची कार्बन किंमत व्यवस्था करावी, ती पुरेशी नसेल, तर केंद्राची तिथे लागू होते. प्रांत न्यायालयात गेले, आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी कायदा कायम ठेवला. मुद्दा हा, की केंद्राला असा अधिकार कोणत्या घटनात्मक कलमाखाली मिळतो याचा अभ्यास मसुद्याच्या पहिल्या आठवड्यात व्हावा, खटला दाखल झाल्यावर नव्हे.

हत्यारे आणि त्यांची गुंतागुंत

कार्बन कर, परवाना बाजार, मानके, अनुदाने, सरकारी खरेदी यांतले एकच निवडायचे नसते. पण एकाच टनावर दोन हत्यारे चालवताना ती एकमेकांना खातात का, ते बघा.

परवाना बाजारात एकूण मर्यादा ठरलेली असते. एखाद्या प्रांताने अनुदान देऊन आपली कोळसा केंद्रे बंद केली, तर तिथले न वापरलेले परवाने दुसऱ्या प्रांतातला कारखाना विकत घेतो. पाण्याच्या गादीवर एका जागी दाबावे आणि ती दुसरीकडे फुगावी, तसे. प्रांताचा पैसा गेला, देशाचे उत्सर्जन तेवढेच राहिले. यावर उपाय एकच: असा अतिरिक्त उपाय झाला, की तितके परवाने रद्द करण्याची तरतूद मूळ नियमात हवी.

बाजार सुरू करण्याआधी किमान दोन वर्षांचे पडताळलेले आकडे गोळा करा. युरोपचा बाजार २००५ मध्ये सुरू झाला तेव्हा असे आकडे नव्हते. कंपन्यांच्या अंदाजावर परवाने वाटले गेले. एप्रिल २००६ मध्ये खरे आकडे बाहेर आले, परवाने गरजेपेक्षा जास्त असल्याचे दिसले आणि काही दिवसांत भाव निम्म्यावर आला. त्या टप्प्यातले परवाने पुढे नेता येत नव्हते, म्हणून २००७ अखेर त्यांची किंमत शून्याजवळ गेली. पुढे मंदीत पुन्हा साठा फुगला. २०१९ पासून तिथे राखीव साठ्याची यंत्रणा आहे. बाजारात फिरणारे परवाने ८३.३ कोटींच्या वर गेले, की लिलावातून परवाने आपोआप कमी होतात. नव्या बाजाराने असा नियम पहिल्या दिवसापासून ठेवावा, आणि लिलावाला किमान भावही. ब्रिटनने २०१३ पासून वीज केंद्रांवर युरोपीय भावाच्या वर आपला किमान भाव लावला. २०१२ मध्ये तिथली सुमारे ४० टक्के वीज कोळशाची होती. शेवटचे कोळसा केंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झाले. वायू स्वस्त होणे, जुन्या केंद्रांवरचे प्रदूषण नियम आणि पवनऊर्जाही त्यामागे होतीच, पण कोळसा आणि वायू यांच्यातला तोल या किमान भावाने झटकन फिरवला.

वाढत्या अर्थव्यवस्थेत एकूण मर्यादा राजकीयदृष्ट्या अवघड वाटते, तेव्हा उत्पादनामागे उत्सर्जन किती, असे तीव्रतेचे लक्ष्य देतात. चीनचा २०२१ चा राष्ट्रीय बाजार असाच सुरू झाला, आणि भारताची २०२३ मध्ये अधिसूचित झालेली कार्बन क्रेडिट व्यापार योजनाही याच पठडीतली आहे. त्याने कारखाने सुधारतात, पण उत्पादन वाढले तर एकूण टन वाढू शकतात. म्हणून तीव्रतेच्या लक्ष्यांची राष्ट्रीय बजेटशी गाठ घालताना उत्पादनाचा अंदाज कोणाचा धरला, ते लिहून ठेवा आणि दरवर्षी फरक तपासा.

दंड परवान्याच्या भावापेक्षा बराच जास्त असावा आणि दंड भरला तरी परवाने द्यावेच लागावेत. नाहीतर दंड हाच कमाल भाव ठरतो. फुकट परवाने द्यायचे, तर मागच्या उत्सर्जनाच्या प्रमाणात देऊ नका. त्यात घाण कारखान्याला बक्षीस मिळते. युरोपात त्या उत्पादनातल्या सर्वोत्तम १० टक्के कारखान्यांची सरासरी हा मापदंड धरतात. आयात मालाचा प्रश्न वेगळा सोडवावा लागतो. युरोपची सीमा-समायोजन व्यवस्था (आयात मालावर त्यामागच्या उत्सर्जनाप्रमाणे आकारणी) ऑक्टोबर २०२३ मध्ये नुसत्या अहवालांनी सुरू झाली आणि जानेवारी २०२६ पासून पैशांची; तिच्यात सिमेंट, लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, खते, वीज आणि हायड्रोजन येतात. तिकडे माल पाठवणाऱ्या देशाने कारखानानिहाय पडताळलेले आकडे तयार ठेवले नाहीत, तर आयातदाराला ढोबळ आकडे धरावे लागतात, आणि ते क्वचितच फायद्याचे असतात.

पैसा कोणाकडे परत जातो

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २००८ मध्ये टनाला १० डॉलरवर कार्बन कर सुरू केला, दरवर्षी ५ डॉलर वाढवून २०१२ मध्ये ३० वर नेला आणि जमा रक्कम इतर करांतल्या कपातीतून परत केली. हळू, आधी जाहीर केलेली वाढ पचते. फ्रान्समध्ये २०१८ साली दर ४४.६० युरो होता आणि पुढे आणखी चढणार होता; परतावा स्पष्ट नव्हता, बाहेरगावी राहणाऱ्याला गाडीशिवाय पर्याय नव्हता. पिवळ्या जाकिटांचे आंदोलन पेटले आणि दर गोठवावा लागला. नुसता परतावाही मात्र हमी देत नाही. कॅनडात बहुतेक रक्कम कुटुंबांच्या खात्यावर जमा होत होती, तरी इंधनावरचा ग्राहक कर एप्रिल २०२५ मध्ये बंद झाला. उद्योगांवरची किंमत राहिली. पंपावर रोज दिसणारा खर्च आणि तिमाहीला खात्यात गुपचूप येणारी रक्कम यांची लोकांच्या मनात बरोबरी होत नाही. म्हणून परतावा करवाढीच्या आधी खात्यात पडावा आणि कशाचा आहे ते ठळक लिहिलेले असावे.

कोळशाच्या प्रदेशांसाठी बंद होण्याची तारीख आणि निधी एकाच कायद्याच्या टप्प्यात आणा. जर्मनीने २०२० मध्ये २०३८ पर्यंतची कोळसाबंदी आणि त्या प्रदेशांसाठी ४० अब्ज युरोपर्यंतची मदत बरोबरच मंजूर केली. मदतीचे नियोजन करताना खाणकामगारांची वयोगटवार यादी काढा. किती जण दहा वर्षांत निवृत्त होणारच आहेत, किती जणांना प्रशिक्षण हवे आणि कंत्राटी किती? हे शेवटचे बहुतेक पटावर नसतातच. नगरपालिकेचे खाणीवरचे महसुली उत्पन्न किती बुडेल, हाही आकडा घ्या. शाळा आणि पाणीपुरवठा त्यावर चालत असतो.

वर्षभराचा दिनक्रम

समन्वय कक्ष पर्यावरण खात्यात ठेवला, तर अर्थ आणि ऊर्जा खाती त्याला ‘विनंतीपत्र’ समजतात. तो सरकारप्रमुखाच्या कार्यालयात किंवा अर्थ खात्यात असावा, आणि खात्याच्या अर्थसंकल्पीय मागणीवर त्याची सही लागावी. मोजणी करणारी संस्था मात्र वेगळी आणि स्वतंत्र हवी. ज्याला लक्ष्य गाठायचे आहे, त्यानेच मोजू नये.

प्रत्येक उपायाचे एका पानाचे कार्ड करा: अपेक्षित टन वर्षवार, धनी, सहकारी आदेश, खर्च, कोणत्या दुसऱ्या उपायावर अवलंबून, आणि एक पुढे धावणारा निर्देशक. हा निर्देशक महत्त्वाचा, कारण अधिकृत यादी वर्ष संपल्यावर सव्वा वर्षाने येते. तोपर्यंत महिन्याला मिळणाऱ्या आकड्यांवर चाला: डिझेल विक्री, वीजनिर्मिती इंधनवार, क्लिंकर उत्पादन, मंजूर झालेल्या पारेषण जोडण्या, विकलेल्या विद्युत बस. थंडी-उन्हाळ्याचा परिणाम वजा करून बघा, नाहीतर सौम्य हिवाळ्याला धोरणाचे यश समजाल.

ब्रिटनमध्ये हवामान बदलावरच्या स्वतंत्र समितीचा प्रगती अहवाल ३० जूनपर्यंत संसदेत येतो आणि सरकारने १५ ऑक्टोबरपर्यंत उत्तर द्यायचे असते. ही ठरलेली तारीख फार कामाची आहे. तिथल्या उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सरकारची नेट झीरो (निव्वळ शून्य उत्सर्जन) रणनीती बेकायदा ठरवली. मंत्र्यासमोर उपायनिहाय किती टन, याचा तपशीलच ठेवलेला नव्हता. २०२४ मध्ये पुढचा आराखडाही न्यायालयात टिकला नाही. कार्डे नीट भरलेली असती, तर यातला बराच त्रास वाचला असता.

चुकल्यावर काय, हे आधीच ठरवा. जर्मनीच्या २०१९ च्या कायद्यात क्षेत्राची वार्षिक मर्यादा ओलांडली, की त्या खात्याने तीन महिन्यांत तातडीचा कार्यक्रम द्यायचा होता. वाहतूक आणि इमारती या दोन क्षेत्रांत मर्यादा ओलांडली गेली, राजकीय ताण वाढला आणि २०२४ मध्ये क्षेत्रनिहाय बंधन सैल करून एकत्रित हिशेब आणला. नियम कडक होता, पण त्या खात्यांकडे तीन महिन्यांत हलवता येईल असे काही तयारच नव्हते. वाहनांचा ताफा बदलायला दशक लागते. यासाठी प्रत्येक क्षेत्राकडे राखीव उपायांची यादी हवी: मंजूर, मोजलेली, अधिसूचनेचा मसुदा तयार असलेली. वेगमर्यादा, सरकारी इमारतींचे तापमान, सरकारी वाहनखरेदीवर तात्पुरती अट, मालवाहतुकीच्या दरात फरक असे लगेच लागू होणारे उपाय त्यात घाला आणि मुदतीच्या बजेटच्या १० ते १५ टक्के टन या राखीव यादीत बसतील इतकी ती लांब ठेवा. निर्देशक सलग दोन तिमाही ठरलेल्या मार्गावरून घसरला, की पहिला राखीव उपाय त्या धनी खात्याच्या सहीने, नव्या बैठकीची वाट न पाहता, लागू होतो, असे कलम मूळ आदेशातच लिहा.